धोक्याची वस्तू प्रवाशाजवळच का? पॉवर बँक, विमान आणि धुमसत्या आगीचा इतिहास

१/
इचलकरंजीहून निघालेला प्रवासी साधारण तासाभरात उजळाईवाडीच्या कोल्हापूर विमानतळावर पोहोचतो. मोठी बॅग काउंटरवर देताना त्याला हमखास एक प्रश्न विचारला जातो : “बॅगेत पॉवर बँक आहे का?” असेल, तर ती बाहेर काढून स्वतःजवळ ठेवावी लागते. सुरी-कात्रीचा नियम नेमका उलटा आहे. त्या वस्तू मोठ्या बॅगेत चालतात, हातातल्या सामानात चालत नाहीत. मग पेट घेऊ शकणारी वस्तू माणसांनी भरलेल्या केबिनमध्येच ठेवण्याचा आग्रह कशासाठी?

२/
या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते : जी आग दिसत नाही, तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही. मात्र हे साधे वाक्य नियमपुस्तकात येण्यासाठी जहाजे, विमाने आणि माणसे गमवावी लागली. त्या इतिहासातील सर्वांत भीषण प्रकरणांपैकी एक मुंबईच्या गोदीत घडले. तेव्हा लिथियमची बॅटरी अस्तित्वातही नव्हती. आगीला आसरा दिला होता तो कापसाने, म्हणजे इचलकरंजी ज्या धाग्यावर उभी आहे त्याच धाग्याच्या कच्च्या मालाने.

३/
इचलकरंजी ही घोरपडे घराण्याची जहागीर. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या कारकिर्दीत, १९०४ साली, विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग सुरू केला. पुढच्या काही दशकांत पंचगंगेच्या काठावरील हे गाव ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. सूत, कापड आणि वीज या तिन्हींचा शेजार या गावाला चार-पाच पिढ्यांपासून परिचयाचा आहे. त्या शेजारातील धोकाही परिचयाचा आहे, कारण कापूस जळण्याची रीत इतर वस्तूंपेक्षा वेगळी असते.

४/
दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठीत तंतूंच्या मध्ये हवा अडकलेली असते. एखादी ठिणगी आत शिरली, की ती गाठ भडकत नाही, ती धुमसते. वरून गाठ धड दिसते, पाणी मारले तरी ते पृष्ठभागावरून ओघळते आणि आतली आग तासन् तास, कधी कधी दिवसेंदिवस जिवंत राहते. विझली असे वाटलेली गाठ पुन्हा पेटू शकते. म्हणूनच कापसाच्या आगीत नुसते पाणी मारून भागत नाही; गाठ बाहेर काढून फोडावी लागते.

५/
१९४४ चा फेब्रुवारी. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले आणि कराचीमार्गे १२ एप्रिल रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये दाखल झाले. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती. सोन्याच्या विटाही होत्या. कराचीत त्यावर आणखी माल चढवण्यात आला : कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी, लाकूड आणि तेलाची पिंपे. युद्धकाळात जहाजांची टंचाई होती आणि रिकामी जागा ठेवणे परवडणारे नव्हते.

६/
दोन क्रमांकाच्या कोठारात खाली कापूस होता आणि त्याच कोठाराच्या वरच्या भागात स्फोटके रचली होती. १४ एप्रिलच्या दुपारी, दोनच्या सुमारास, माल उतरवणाऱ्या कामगारांना तेथून धूर येताना दिसला. अग्निशामक दलाने पाण्याचा मारा सुरू केला. शेकडो टन पाणी कोठारात ओतले गेले, पण दाट धुरामुळे आग नेमकी कोठे आहे हेच सापडेना. गाठींच्या ढिगाऱ्याखाली ती धुमसत राहिली. कोठारातील पाणीही तापू लागले.

७/
दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. गोदीतील जहाजे, गोदामे आणि आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली. जळत्या कापसाचे लोळ आणि तापलेल्या धातूचे तुकडे दूरवर जाऊन पडले आणि तेथे नव्या आगी लागल्या. सिमल्यातील भूकंपमापक यंत्रांवरही या हादऱ्याची नोंद झाली. मृतांचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात. ते साधारण आठशे ते तेराशेच्या दरम्यान आहेत.

८/
त्या मृतांमध्ये मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. स्फोट झाला, तेव्हा ते पाण्याचे पाइप हातात धरून उभे होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि तेथून अग्निसुरक्षा सप्ताह सुरू होतो. शाळा-कारखान्यांतून होणाऱ्या या कार्यक्रमामागे मुंबईच्या गोदीतील ही दुपार आहे, याची आठवण मात्र फार थोड्यांना असते.

९/
या दुर्घटनेतून वाहतुकीसाठी दोन धडे निघतात. पहिला : वस्तू एकटी किती धोकादायक आहे एवढेच पाहून चालत नाही, तिच्या शेजारी काय ठेवले आहे हेही पाहावे लागते. दुसरा : आग ज्या जागी लागू शकते, त्या जागी माणसाचा हात पोहोचला पाहिजे. हवाई वाहतुकीला हे दोन्ही धडे स्वतंत्रपणे, आणि स्वतःची किंमत मोजून, शिकावे लागले.

१०/
प्रवाशाच्या खिशातील आगीची चिंता विमानांपूर्वी हवाई जहाजांनी केली. जर्मनीचे ‘हिंडेनबुर्ग’ हायड्रोजन वायूने भरलेले होते. चढताना प्रवाशांकडील काडेपेट्या आणि लायटर काढून घेतले जात. धूम्रपानासाठी एक बंदिस्त खोली होती; तेथील हवेचा दाब किंचित जास्त ठेवलेला असे, म्हणजे बाहेरचा हायड्रोजन आत शिरू नये. ६ मे १९३७ रोजी हे हवाई जहाज अमेरिकेत जळून नष्ट झाले. त्याचे कारण प्रवाशांच्या काडेपेट्या नव्हत्या. तरीही ‘प्रवाशाने काय आणावे’ हा प्रश्न तेव्हापासून उड्डाणाशी जोडला गेला, तो कायमचा.

११/
शेजाराचा धडा विमानवाहतुकीला १९७३ मध्ये मिळाला. ३ नोव्हेंबर रोजी पॅन अॅमचे एक मालवाहू बोइंग ७०७ बोस्टनला उतरण्याच्या प्रयत्नात कोसळले. त्यात नायट्रिक आम्लाच्या बाटल्या होत्या आणि त्या चक्क लाकडाच्या भुशात बांधल्या होत्या. आम्ल गळले, भुसा तापला, धुराने विमान भरले आणि तिन्ही कर्मचारी मृत्युमुखी पडले. अशा अनुभवांनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९८१ मध्ये धोकादायक मालासाठी स्वतंत्र परिशिष्ट, म्हणजे ‘अॅनेक्स १८’, स्वीकारले. भारतातही २००३ मध्ये याविषयी स्वतंत्र नियम लागू झाले.

१२/
या काळात प्रवाशाच्या खिशात एक नवी वस्तू येऊ घातली होती. बॅटरीचा इतिहास १८०० सालचा, इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टापासूनचा. पुढची जवळजवळ पावणेदोनशे वर्षे बॅटरी म्हणजे जड शिसे, जस्त किंवा निकेल. १९७० च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम या सर्वांत हलक्या धातूचा वापर करून पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांनी तिच्यासाठी अधिक शक्तिशाली धनाग्र शोधले आणि १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी शुद्ध लिथियम धातू टाळून तिला बरेच सुरक्षित रूप दिले.

१३/
शुद्ध लिथियम का टाळायचे, हे १९८९ मध्ये स्पष्ट झाले. कॅनडाच्या मोली एनर्जी या कंपनीच्या लिथियम-धातूच्या बॅटऱ्या जपानमधील मोबाइल फोनमध्ये वापरल्या जात होत्या. त्यांतील एका फोनने पेट घेतला आणि सर्व बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि कॅमेरा, लॅपटॉप, मोबाइल यांचे युग सुरू झाले. २०१९ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना मिळाला.

१४/
पॉवर बँक म्हणजे अशाच एक किंवा अनेक सेलची पेटी. प्रत्येक सेलमध्ये धनाग्र आणि ऋणाग्र यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा एक सच्छिद्र पडदा असतो, माणसाच्या केसापेक्षाही पातळ. आतला द्रव ज्वलनशील असतो. पडदा शाबूत, तोवर सगळे ठीक. पॉवर बँक आपटली, चेपली, जास्त चार्ज झाली किंवा मुळातच निकृष्ट बनावटीची असली, तर पडदा फाटून आतल्या आत शॉर्टसर्किट होते.

१५/
मग जे घडते, ते कापसाच्या गाठीची आठवण करून देणारे आहे. उष्णता आतूनच निर्माण होते. ती वाढली की रासायनिक क्रिया अधिक वेगाने होते, त्यातून आणखी उष्णता निघते. एक सेल शेजारच्या सेलला पेटवतो. ज्वाला विझवली तरी आतील उष्णता कायम राहिल्यास आग पुन्हा उसळते. यावर उपाय म्हणजे भरपूर पाण्याने किंवा तशाच एखाद्या द्रवाने ती वस्तू थंड करत राहणे. आणि त्यासाठी कोणीतरी तिच्याजवळ असावे लागते.

१६/
विमानाच्या पोटातील सामानकक्षात उड्डाणादरम्यान कोणीही जाऊ शकत नाही. तेथे आग लागल्यास हॅलॉन वायू सोडला जातो. तो ज्वाला दाबतो, पण तापलेल्या सेलला थंड करत नाही. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेच्या हवाई प्रशासनाने केलेल्या चाचण्यांत दिसले, की बॅगेत तापलेल्या लॅपटॉपशेजारी सुगंधी फवाऱ्याचा साधा डबा असेल, तर हॅलॉनचा परिणाम होण्यापूर्वीच त्याचा स्फोट होऊ शकतो. ‘फोर्ट स्टिकिन’मध्ये कापूस आणि स्फोटके शेजारी होती, प्रवाशाच्या बॅगेत बॅटरी आणि फवारा शेजारी असतात.

१७/
अदृश्य आगीची किंमत किती असते, हे ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईत दिसले. यूपीएस कंपनीच्या फ्लाइट ६ या मालवाहू बोइंग ७४७ मध्ये लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. उड्डाणानंतर वीस-बावीस मिनिटांत आगीचा इशारा मिळाला. विमान मागे वळले, पण कॉकपिटमध्ये इतका धूर भरला, की वैमानिकांना समोरची उपकरणे दिसेनाशी झाली. इशाऱ्यापासून अर्ध्या तासाच्या आत विमान कोसळले आणि दोन्ही वैमानिकांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी, २८ जुलै २०११ रोजी, बॅटऱ्या आणि ज्वलनशील द्रव नेणारे एशियाना कंपनीचे मालवाहू विमानही दक्षिण कोरियाजवळ समुद्रात कोसळले. त्यातही दोन्ही वैमानिक गेले.

१८/
नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. अमेरिकेने १ जानेवारी २००८ पासूनच सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात ठेवण्यास मनाई केली होती. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून लिथियम-आयन बॅटऱ्यांची माल म्हणून वाहतूक जगभर बंद झाली. पॉवर बँक ही नियमांच्या भाषेत ‘सुटी बॅटरी’ ठरते, कारण ती इतर उपकरणाला वीज पुरवण्यासाठीच असते. म्हणून तिची जागा ठरली : केबिन, प्रवाशाजवळ.

१९/
ही व्यवस्था कशी उपयोगी पडते, याचे उदाहरण भारतात २३ सप्टेंबर २०१६ रोजी मिळाले. सिंगापूरहून चेन्नईला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात डोक्यावरच्या सामानकप्प्यातून धूर येताना प्रवाशांना दिसला. कर्मचाऱ्यांनी आसपासच्या प्रवाशांना हलवले, अग्निशामक वापरला आणि धुमसणारा मोबाइल पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवला. विमान सुखरूप उतरले. तोच मोबाइल सामानकक्षातील बॅगेत असता, तर धूर पाहणारे डोळेही नव्हते आणि पाणी ओतणारे हातही नव्हते.

२०/
क्षमतेची मर्यादा वॅट-तासात मोजतात. हिशेब सोपा आहे : मिलीअँपिअर-तासांना १,००० ने भागायचे आणि सेलच्या व्होल्टेजने, म्हणजे साधारण ३.७ ने, गुणायचे. १०,००० ची पॉवर बँक ३७ वॅट-तासांची, २०,००० ची ७४ ची, २७,००० ची ९९.९ ची. १०० पर्यंतची चालते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते आणि १६० च्या वरची नेता येत नाही. बाजारात २७,००० च्या आसपासच्या पॉवर बँका का दिसतात, याचे उत्तर या गुणाकारात आहे. ज्या पॉवर बँकेवर क्षमता छापलेलीच नाही, तिच्याबाबत हा हिशेब करता येत नाही; म्हणून ती तपासणीत अडकते.

२१/
पण केबिनमध्येही एक छोटे ‘कोठार’ शिल्लक होते. २८ जानेवारी २०२५ च्या रात्री दक्षिण कोरियातील बुसानच्या गिमहे विमानतळावर एअर बुसानचे विमान उड्डाणाच्या तयारीत होते. मागच्या बाजूच्या डोक्यावरील सामानकप्प्यात आग लागली. विमान अजून जमिनीवर होते, म्हणून सर्व १७६ जण बाहेर पडू शकले. विमानाचे छत मात्र जळून गेले. तपासात संशयाची सुई पॉवर बँकेकडे वळली. बंद झाकणाआड, बॅगांच्या ढिगात ठेवलेली पॉवर बँक ही कोठारातल्या गाठीइतकीच अदृश्य असते, हे या घटनेने दाखवले.

२२/
दक्षिण कोरियाने १ मार्च २०२५ पासून पॉवर बँक सामानकप्प्यात ठेवण्यास मनाई केली. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिलपासून उड्डाणात तिचा वापर थांबवला, एमिरेट्सने १ ऑक्टोबरपासून. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत, दिमापूरला निघालेल्या इंडिगोच्या विमानात धावपट्टीकडे जाताना एका प्रवाशाच्या पॉवर बँकेने पेट घेतला. कर्मचाऱ्यांनी आग तत्काळ विझवली, कोणालाही इजा झाली नाही. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमानात पॉवर बँकेने मोबाइल चार्ज करण्यावर बंदी आणली आणि ती सामानकप्प्यात न ठेवता हाताशी ठेवण्याची सूचना दिली.

२३/
कोल्हापूरचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील, पण नियमित प्रवासी सेवा स्थिरावली ती ‘उडान’ योजनेनंतर. नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले. पंचक्रोशीतील कापड व्यापारी, विद्यार्थी, नोकरदार आता येथून प्रवास करतात. त्यांतील अनेकांचे हे पहिलेच उड्डाण असते. लोडशेडिंगची वर्षे पाहिलेल्या घरांतून आलेल्या या प्रवाशांना पॉवर बँक सोबत असणे ही स्वाभाविक गरज वाटते, आणि काउंटरवरचा तो प्रश्न उगीच केलेली अडवणूक वाटतो.

२४/
ती अडवणूक नाही. मोठ्या बॅगेतून पॉवर बँक काढून खिशात ठेवायला अर्धे मिनिट लागते. तिच्या टोकांना चावी किंवा नाणे लागू न देणे, फुगलेली किंवा चेपलेली पॉवर बँक घरीच ठेवणे, ती सीटच्या फटीत पडल्यास सीट न हलवता कर्मचाऱ्याला बोलावणे आणि ती तापू लागली तर संकोच न करता लगेच सांगणे, एवढेच प्रवाशाकडून अपेक्षित आहे. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी त्या ६६ जवानांकडे धैर्य होते, पाणी होते आणि जवळजवळ दोन तास होते. आग कोठे आहे, एवढेच त्यांना ठाऊक नव्हते.